तिसरी पिन

मागच्या वर्षी मे महिन्यात मी सावलीला घरी होतो. वर्क फ्रॉम होम चालू होतं, बाहेर पारा ४५ च्या वर होता, आणि आई कूलरमध्ये पाणी भरायला जाताना पायात प्लास्टिकची चप्पल घालत होती. घरात कधीही चप्पल न घालणारी आई. विचारलं तर म्हणाली, "थोडी झिणझिण होते ना हात लावला की. चप्पल घातली का काही नाही होत."

किती दिवसांपासून? तर मागच्या उन्हाळ्यापासून.

मी इंजिनिअर आहे. म्हणजे सॉफ्टवेअरचा, पुण्यात बसून दुसऱ्यांच्या सर्व्हरची काळजी करतो. पण पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल सगळ्यांनाच असतं, आणि गावात 'इंजिनिअर' या शब्दाला शाखा नसते. मोबाईल, मिक्सर, बोअरची मोटर, सगळं माझ्याकडेच येतं. त्यामुळे कूलरही माझाच होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी चौथी-पाचवीत असताना आमच्या मागच्या गल्लीतल्या एक काकू कूलरमध्ये पाणी भरतानाच गेल्या. खाली फरशी ओली, कूलर पत्र्याचा, हातात बादली. विदर्भातल्या पेपरांत दर उन्हाळ्यात ही बातमी असते, आतल्या पानावर, एका कॉलमात. गाव बदलतं, बाकी मजकूर तोच. महावितरणही दर मार्च-एप्रिलमध्ये कूलर कसा वापरावा याचं पत्रक काढतं. वर्षभरात देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची सरकारी नोंद अलीकडे बारा-तेरा हजारांच्या घरात असते. कूलरने मरणारे त्यात वेगळे मोजले जात नाहीत.

मल्टिमीटर काढला. एक टोक कूलरच्या पत्र्याला, दुसरं ओल्या फरशीवर. नव्वदच्या आसपास व्होल्ट. प्लग पाहिला तर दोन पिनांचा. कधीकाळी तीन होत्या, तिसरी कोणीतरी कापून टाकली होती, कारण बाहेरच्या खोलीतला जुना सॉकेट दोन भोकांचा होता.

निदान सोपं वाटलं. पत्र्याला अर्थिंग नाही, मोटर दमट झालीये, थोडी वीज पत्र्यावर झिरपतेय. तीन तारांची नवी केबल आणि तीन पिनांचा नवा प्लग लावायचा, आतल्या खोलीतल्या तीन भोकांच्या सॉकेटला जोडायचा, संपलं. दुकानातून सामान आणलं. मेन स्विच बंद केला. सहज म्हणून आधी त्या सॉकेटचा बोर्ड उघडून पाहिला.

आत अर्थची तार नव्हतीच. वरच्या मोठ्या भोकाच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या स्क्रूपर्यंत बोटभर लांबीचा हिरव्या तारेचा तुकडा जोडलेला होता. बस्स.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

---

या तिसऱ्या पिनेला मोठा इतिहास आहे. आपल्याकडची गोल पिनांची पद्धत ब्रिटिशांची. १९३४ मध्ये त्यांनी तिचं मानक छापलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, त्यांनी स्वतःसाठी चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं, त्यात प्लगमध्येच फ्यूज बसवला, आणि हळूहळू गोल पिना सोडून दिल्या. आपण त्याच वर्षी स्वतंत्र झालो आणि गोल पिना ठेवून घेतल्या. आजही आपला छोटा आणि मोठा प्लग त्याच घराण्यातला आहे.

तिसरी पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. जाड अशासाठी, की ती चुकून फेजच्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी, की प्लग घालताना तिचा संपर्क सगळ्यात आधी व्हावा आणि काढताना सगळ्यात शेवटी तुटावा. म्हणजे यंत्रात वीज शिरण्याआधी त्याचं शरीर जमिनीला बांधलेलं असतं. ज्याने हे ठरवलं त्याने वापरणाऱ्याच्या शहाणपणावर काहीच सोडलेलं नव्हतं. फक्त पक्कड घेऊन ती पिन कोणी कापून टाकेल, हे त्याच्या डोक्यात आलं नसावं.

माझी अडचण मात्र कापलेल्या पिनेची नव्हती. पिन लावली असती तर काय झालं असतं, ही होती. समजा मी बोर्ड न उघडता नवा प्लग त्या सॉकेटमध्ये घातला असता. कूलरचा पत्रा त्या हिरव्या तुकड्यातून न्यूट्रलला जोडला गेला असता. न्यूट्रल जवळपास शून्य व्होल्टवर असतं, म्हणून झिणझिण त्याच क्षणी थांबली असती. मीटरने नव्वदच्या जागी एक-दोन व्होल्ट दाखवले असते. आईने चप्पल काढली असती. मी पुण्याला परत गेलो असतो.

आणि मग एखाद्या दिवशी खांबावर किंवा मीटरजवळ न्यूट्रलची तार सैल झाली असती. न्यूट्रल तुटलं की कूलर बंद पडतो, माणसाला वाटतं लाईट गेली. पण फेज चालूच असते. ती मोटरमधून फिरून न्यूट्रलच्या तारेत येते, पुढे जायला वाट नसते, आणि त्या बोटभर तुकड्यातून पत्र्यावर येऊन थांबते. पूर्ण २३०. बंद पडलेल्या कूलरला, काय झालं पाहायला, कोणीतरी हात लावतोच. वादळानंतर तारा जोडताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली, तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही.

आमच्या धंद्यात याला टेस्ट पास होणं म्हणतात. सगळे टिक हिरवे, आणि चूक आत तशीच.

---

रात्री झोप लागेना म्हणून मी कायदा वाचत बसलो. घरात विजेचं कोणतं काम आपण करावं आणि कुठे थांबावं, याचं उत्तर यूट्यूबवर दर मिनिटाला वेगळं मिळतं. पण भारताच्या कायद्यात ते जवळपास ७० वर्षांपासून एका नियमात लिहिलेलं आहे, आणि मला तो नियम फार आवडला.

विजेपासून माणसाला आणि मालमत्तेला इजा होऊ नये म्हणून इंग्रजांनी इथे पहिला कायदा केला १८८७ मध्ये. कलकत्त्यात वीज विकायला सुरुवात झाली १८९९ मध्ये. एखाद्या तंत्राच्या आधी त्याच्या धोक्याचा कायदा येणं आपल्याकडे विरळाच. मग १९०३ चा कायदा आला, मग १९१० चा. १९१० चा कायदा पुढे ९३ वर्षं टिकला. त्याच्याखाली स्वतंत्र भारताने भारतीय विद्युत नियम, १९५६ केले. (त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. सावलीकरांनी त्यातली कोणती गोष्ट जास्त लक्षात ठेवली असेल, सांगायला नको.)

त्या नियमांतला ४५ वा नियम असा: घरातलं विजेचं कुठलंही काम, नवं, वाढीव, दुरुस्तीचं, हे राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक कामगाराच्या हातूनच व्हायला हवं. अपवाद दिवे, पंखे, फ्यूज, बटनं आणि घरगुती उपकरणं बदलण्याचा. आणि त्या अपवादालाही एक अट: बदलण्याने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये.

क्षमता आणि स्वरूप. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे विनियम केले, त्यातही ही रेघ तशीच राहिली.

पहिल्यांदा वाचताना ते सरकारी शब्द वाटले. पण एकेक काम त्यांच्यासमोर धरून पाहिलं तर निकाल लगेच लागतो. बल्ब बदलला, काही बदललं नाही. जळलेलं बटन काढून तसंच दुसरं लावलं, नाही. जिथे पंखा होता त्या तारेवर गिझर लावला, तर क्षमता बदलली. तार त्या भारासाठी टाकलेली नाही, ती भिंतीच्या आत तापत राहील आणि आपल्याला दिसणार नाही. कटआउटमध्ये केसासारखी फ्यूजची तार होती, ती सारखी उडते म्हणून केबलची जाड तार वळून घातली, तर ते फ्यूज 'बदलणं' नाहीच. इन्व्हर्टर बसवला तर क्षमता तीच, पण स्वरूप बदललं: आता मेन स्विच पाडला तरी काही तारांत वीज असणार, आणि पुढच्या वेळी बोर्ड उघडणाऱ्याला ते माहीत नसणार. अर्थिंगची तार हलवली तरी स्वरूपच बदललं.

माझ्या हिरव्या तुकड्याचा निकालही लागला. प्लग माझा. बोर्डाच्या आतलं माझं नाही.

---

पण या नियमात एक गृहीतक लपलेलं आहे. मूळ जोडणी नियमाने झालेली आहे, असं तो धरून चालतो.

सावली हे चरख्याचं गाव. १९३६ च्या फेब्रुवारीअखेर इथे गांधी सेवा संघाचं संमेलन भरलं आणि गांधीजी त्याला आले. आपल्यामागे 'गांधीवाद' नावाचा पंथ राहू नये, असं ते इथेच बोलले. त्याच्या काही महिने आधी, जून १९३५ मध्ये, 'हरिजन'मध्ये त्यांनी लिहिलं होतं की खेड्यातल्या प्रत्येक घरात वीज येणार असेल, तर गावकऱ्यांनी आपली अवजारं विजेवर चालवायला माझी हरकत नाही. मात्र वीजघरं गावाच्या किंवा राज्याच्या मालकीची असावीत, जशी गायरानं असतात. चरख्याच्या नावाने विजेला नाकं मुरडणाऱ्यांनी हे वाचलेलं नसतं.

वीजघर राज्याच्या मालकीचं झालं. १९६० साली राज्य विद्युत मंडळ आलं, १९८३ पासून चंद्रपूरला औष्णिक केंद्राचे संच सुरू होत गेले, आमच्याच जिल्ह्यातला कोळसा जळू लागला. प्रत्येक घराचं मात्र वेगळंच झालं. १९९७ पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती, की गावाच्या हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकृत. एका शेतात एक पंप चालला तरी गाव उजळलं. २००४ मध्ये व्याख्या सुधारली, तर किमान दहा टक्के घरांत वीज हवी असं ठरलं. गरिबांच्या घरी १९८८-८९ पासून 'कुटीर ज्योती'तून जोडणी मिळे: घराला एक दिवा. २००५ ला राजीव गांधींच्या नावाची योजना आली, २०१७ ला 'सौभाग्य'.

एक दिवा म्हणजे एका दिव्याची तार. नंतर त्याच तारेवरून आम्ही काय काय नेलं! आधी पंखा. मग टीव्ही. मग मिक्सर, कूलर, फ्रीज, मोटर, आता इंडक्शन. आमच्या घरात सागवानी पट्टीवर पत्र्याच्या चिमट्यांनी बसवलेली जुनी वायरिंग आहे, तिच्या शेजारून प्लास्टिकच्या पट्टीतली दुसरी जाते, आणि भिंत फोडून केलेली तिसरी. तीन पिढ्यांची. दर वेळी काम कोणी केलं? गावात ज्याच्या खिशात टेस्टर, त्याने. परवाना कोणी विचारला नाही. नव्या जोडणीच्या टेस्ट रिपोर्टवर परवानाधारकाची सही आहे. तो माणूस आमच्या घरी कोणाला आल्याचं आठवत नाही.

मी त्या टेस्टरवाल्यांना नावं ठेवणार नाही. २००५ नंतरची कित्येक वर्षं भारनियमन असायचं, कोळसा आमचा आणि अंधारही आमचा, आणि त्या काळात डीपीवरून लाईन कधी येते-जाते हे त्यांनाच ठाऊक असे. मला आठवणारा पहिला 'लाईटवाला' तर नाटकाचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की मी स्टेजपेक्षा त्याच्या बोर्डाकडेच बघत बसायचो. उघड्या तारा, लाकडी फळी, आणि हा तोंडात खर्रा ठेवून एका बोटाने पूर्ण रंगमंच लाल करायचा. माझ्या इंजिनिअरिंगचं खापर त्याच्यावर फुटायला हरकत नाही.

आमच्या भागात विजेशी सलगी जास्तच आहे. रानडुकरं धान खातात म्हणून रात्री शेताभोवती उघडी तार लावून तीत थेट लाईन सोडणारे आहेत. उमरेड-कऱ्हांडल्याकडचा 'श्रीनिवास' नावाचा वाघ, प्रसिद्ध 'जय'चा बछडा, एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ अशाच तारेवर मेला. कायदेशीर झटका मशीन आणि ही तार दिसायला सारखीच असतात. मशीन मात्र सेकंदाला एखादा क्षणभराचा ठोका देतं, मधल्या वेळात अंग सोडवता येतं. घरातली लाईन धरून ठेवते.

---

धरून ठेवते म्हणजे किती? कॅलिफोर्नियात बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९४० च्या दशकात स्वयंसेवकांच्या हातात विद्युतप्रवाह सोडून पाहिलं, की कोणत्या मर्यादेपर्यंत माणसाला हातातली तार सोडता येते. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास आली, बायकांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आवळतात आणि मूठ उघडत नाही. आपला जुना पंधरा वॅटचा झिरोचा बल्ब ६५ मिलिअँपिअर घेतो. देव्हाऱ्यात रात्रभर जळणाऱ्या त्या बल्बाला लागते त्याच्या पाव भागातच माणूस अडकतो.

आणि बोर्डातला एमसीबी? तो १६ अँपिअरला पडतो, म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. तो तारा वाचवायला आहे, आपल्याला वाचवायला नाही. "आमच्याकडे एमसीबी आहे" असं निर्धास्तपणे म्हणणारे शिकलेले लोक मी पुण्यातही पाहिलेत, आणि गेल्या मेपर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो.

बरं, अर्थिंग असेल तरी? हिशोब करून पाहा. खड्ड्यात मीठ-कोळसा घालून पट्टी पुरलेली असते, तिचा जमिनीशी रोध समजा २० ओहम. फेज पत्र्याला टेकली तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर जमिनीत जाणार. १६ चा एमसीबी ढिम्म. पत्रा जिवंत. आणि माती वाळली की हा रोध वाढतो. आमच्याकडे माती सगळ्यात कोरडी असते मेमध्ये. कूलर लागतो तोही मेमध्येच. जुनी माणसं उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची, ते उगाच नव्हे.

म्हणून आरसीसीबी. फेजमधून गेलेली वीज आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज ते सतत ताडून पाहतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात तोडतं. गेलेली वीज परत आली नाही, म्हणजे ती कुठल्या तरी वाटेने जमिनीत चाललीये, कदाचित कोणाच्या अंगातून. या कल्पनेवर घरगुती उपकरण बनवणाऱ्यांत साठच्या दशकात डाल्झिएलही होते. आपल्या नियमांनीही असं उपकरण सक्तीचं केलं, पण कमी भाराच्या घरांना सूट ठेवून. एका दिव्याचं घर त्या सवलतीत बसतं. कागदावर आमचं घर अजून तसंच असावं.

---

तिसऱ्या दिवशी वायरमन आले. आयटीआयला ज्याला तारतंत्री म्हणतात तो कोर्स केलेले, परवाना असलेले, बाबांच्या वयाचे. गडचिरोलीहून वैनगंगेचा पूल ओलांडून आले. हिरवा तुकडा पाहून हसले नाहीत की चिडले नाहीत. "असे लई निघतात," एवढंच म्हणाले. मग माझा मल्टिमीटर पाहून, "याच्यात किती व्होल्टची बॅटरी?"

"नऊ."

त्यांनी मेगर काढला. मल्टिमीटर नऊ व्होल्टने तार तपासतो. नऊ व्होल्टला कुजकं इन्सुलेशनही धड वाटतं. मेगर ५०० व्होल्ट लावतो. जुन्या नियमांत हेच लिहिलेलं: ५०० व्होल्ट, एक मिनिट, आणि रोध निदान १ मेगाओम. आमच्या सागवानी पट्टीवरच्या वायरिंगने अर्धासुद्धा दाखवला नाही. मी दोन दिवस त्याच तारांना मीटर लावून 'ठीक' म्हणत होतो.

काम करता करता ते बोलत होते, मी टिपत होतो. उपकरण झिणझिणलं तर बंद करायचं आणि भिंतीवरून प्लग काढायचा, चप्पल शोधायची नाही. बोर्ड कोमट लागला किंवा जळकी मच्छी सडल्यासारखा वास आला तर तिथलं बटन पुन्हा दाबायचं नाही. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला तर 'डबल लाईट' आलेली नसते, न्यूट्रल गेलेलं असतं. एका खोलीतले दिवे मंद आणि दुसऱ्या खोलीतले किंवा शेजाऱ्याचे एकदम प्रखर झाले, तर खांबावरचं न्यूट्रल गेलंय; मेन पाडायचा आणि वायरमनला नाही, महावितरणला १९१२ वर फोन करायचा. मीटरच्या अलीकडचं त्यांचं, पलीकडचं आपलं. मीटरपर्यंत येणाऱ्या तारेला वायरमननेही हात लावायचा नसतो.

"आणि तू कंप्युटरवाला ना बाबू? बोर्ड काहून उघडलास?"

"बघायला."

"बंद करून उघडलास ना? मग ठीक. बघाव. करू नये."

दोन दिवस लागले. तुळशीमागे नवा खड्डा, प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरवी तार, पट्टीवरची वायरिंग पूर्ण रद्द, मीटरजवळ आरसीसीबी. केबल आणि प्लग मात्र मला लावू दिला. लांब पिन वर, तिला हिरवी तार, थोडी ढिली ठेवून, म्हणजे केबल ओढली गेली तर ती शेवटी तुटेल.

जुलैत, पाऊस लागल्यावर, रात्री अकराला बाबांचा फोन आला. ते नवं बटन पडतंय, तिसऱ्यांदा पडलं, टीव्ही बंद पडतो, शेजारचा पोरगा म्हणतो दोन तारा थेट जोडून देतो, देऊ का? मी म्हटलं, एकेक गोष्ट बंद करत जा आणि कोणती बंद केल्यावर पडत नाही ते सांगा. फोन चालू ठेवून त्यांनी फ्रीज बंद केला, मग पंखे, मग बोअरची मोटर. मोटर बंद केल्यावर बटन टिकलं. अंगणातून तिची केबल जाते, त्याच वाटेने आई पहाटे सडा टाकते.

"मग आता?" बाबा म्हणाले.

"मोटर बंदच ठेवा. सकाळी त्यांना फोन करतो."

"पाणी?"

"शेजारून आणा एक दिवस."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मागे आईचा आवाज आला, की हापशी आहे ना अजून.